शिडाच्या बोटीवर स्वतःचं ग्रंथालय आणि नेटवर्क: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

जयगडच्या खाडीत नांगर टाकलाय, इंजिनाच्या एक्झॉस्टमधून पाणी पडेनासं झालंय, इम्पेलर (थंड पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी चाक) बदलायचाय. मॅन्युअल आहे, पण ते क्लाउडवर, आणि फोनला रेंज नाही. बोटीवर ग्रंथालय हवं ते मुख्यतः अशा वेळेसाठी. कथा-कादंबऱ्या आणि सिनेमे हा त्यावरचा बोनस.

हा लेख मुंबई, गोवा, कोची या पट्ट्यात तीस-चाळीस फुटी फायबरग्लासची शिडाची बोट चालवणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय. परदेशात बोट ठेवणाऱ्या मराठी मंडळींनाही बहुतेक सगळं लागू पडेल. फक्त उपग्रहाचा भाग तिथे वेगळा. सगळी उभारणी एका गोष्टीवर बेतली आहे: इंटरनेट आलं तर आलं. ते नसताना बोटीवरची प्रत्येक गोष्ट चालली पाहिजे. म्हणून इंटरनेट या लेखात बरंच शेवटी येतं.

१. आधी ठरवा: कोण वापरणार, कशासाठी

कागद घ्या आणि लिहून काढा. बोटीवर किती फोन, किती टॅब्लेट, कोणाला काय वाचायचं, मुलं आहेत का. बहुतेकांची गरज एवढीच निघते: बोटीची मॅन्युअलं, सागरी आणि वैद्यकीय संदर्भ, विकिपीडिया, पुस्तकं, थोडे सिनेमे-गाणी, आणि वारा-खोलीचे आकडे फोनवर. याला छोटा संगणक, एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) आणि राउटर पुरतो. घरी असतो तसा मोठा सर्व्हर बोटीवर आणायचा मोह आवरा, कारण तो चोवीस तास बॅटरी पिणार.

२. वीज: निम्मी कामं इथेच बिघडतात

सॉफ्टवेअर कुणीही शिकतं. डबा, म्हणजे हा छोटा संगणक, बंद पडतो तो बहुतेक वेळा बारा व्होल्टच्या वायरिंगमुळे.

आधी हिशेब. रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक, पुढे नुसता 'पाय') आणि त्याला जोडलेली एसएसडी मिळून साधारण ६ वॅट खातात, छोटा राउटर तेवढेच. १२ वॅट म्हणजे बारा व्होल्टवर १ अँपिअर. चोवीस तास चालू ठेवलं तर १२ चे ५ व्होल्ट करणाऱ्या कन्व्हर्टरमधली गळती धरून दिवसाला २५ अँपिअर-तास. १०० वॅटचं सोलर पॅनेल कोकणातल्या चांगल्या उन्हात दिवसाला साधारण तेवढंच देतं. म्हणजे एक अख्खं पॅनेल फक्त विकिपीडियासाठी राबणार, आणि फ्रिजने मग काय खायचं? शिसा-आम्ल बॅटरी असेल तर तिच्या क्षमतेतली निम्मीच वापरायची असते, म्हणजे १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीतले हाताशी फक्त ५०. लिथियमला हा जाच कमी.

यावर उपाय सोपा आहे. संगणक आणि राउटर यांना स्विच पॅनेलवर वेगवेगळे स्विच द्या. राउटर लागेल तेव्हा, संगणक वाचायचं असेल तेव्हा. रात्री दोन्ही बंद.

आता वायरिंग. रास्पबेरी पायला ५ व्होल्ट लागतात, बोटीत १२ असतात. पुष्कळ जण पॅनेलजवळ मोबाइलचा कार-चार्जर बसवतात आणि तिथून लांबलचक यूएसबी केबल कॅबिनभर फिरवतात. इथेच फसगत होते. १२ व्होल्टच्या वायरीत अर्धा व्होल्ट पडला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. ५ व्होल्टच्या वायरीत तेवढाच पडला तर संगणक कुरकुरायला लागतो. ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की पाय इशारा देतो, आणि स्क्रीन जोडलेला असेल तर कोपऱ्यात पिवळी वीज चमकते. म्हणून १२ व्होल्ट डब्यापर्यंत न्या आणि ५ व्होल्टचा कन्व्हर्टर डब्याला चिकटून बसवा. शेवटची यूएसबी केबल वीतभरच ठेवा, जाड तारेची.

कन्व्हर्टर ९ ते ३६ व्होल्ट घेणारा निवडा. बोटीची बॅटरी १२ व्होल्टची म्हणवते, पण चार्जिंगच्या वेळी ती १४.४ च्या पुढे जाते आणि इंजिन सुरू करताना दणकन खाली येते. स्टार्टरची आणि घरगुती वापराची बॅटरी वेगळी नसेल तर दर वेळी इंजिन सुरू केलं की संगणक रीस्टार्ट होईल.

फ्यूज बॅटरीच्या बाजूला, ३ अँपिअरचा. फ्यूज यंत्रासाठी नसतो, वायर जळू नये म्हणून असतो. त्यामुळे तो डब्याजवळ लावून उपयोग नाही. वायर कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याचीच घ्या. साधी तांब्याची वायर दोन हंगामांत इन्सुलेशनच्या आतून काळी पडते आणि बाहेरून काही कळत नाही. टोकं क्रिंप करा (पक्कडीने दाबून बसवा) आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा.

३. सामान

• रास्पबेरी पाय ४, ४ किंवा ८ जीबीचा. पाय ५ वेगवान आहे, पण त्याला पूर्ण ताकदीने चालायला ५ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात. तेवढे मिळाले नाहीत तर तो यूएसबीला जेमतेम ६०० मिलिअँपिअर देतो आणि एसएसडी अडखळते. बोटीसाठी माझं मत पाय ४ ला.
• पंखा नसलेली ॲल्युमिनियमची केस, जिचं अंगच उष्णता बाहेर टाकतं. पंखा म्हणजे खारी हवा आत ओढायचा पंप.
• १ टीबीच्या दोन एसएसडी. दोन का, ते पुढे येईल. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क नको. लाटांत ती टिकत नाही आणि वीजही जास्त खाते.
• ओपनडब्ल्यूआरटीवर (राउटरसाठीची मोफत सिस्टिम) चालणारा छोटा ट्रॅव्हल राउटर, शक्यतो सिम कार्डाची खाच असलेला.
• ९ ते ३६ व्होल्टचा कन्व्हर्टर, धातूच्या कवचाचा.
• यूएसबी जीपीएस रिसीव्हर. साधा, स्वस्तातला चालेल.
• फ्यूज होल्डर, मुलामा दिलेली वायर, क्रिंपिंगचा पक्कड, मल्टिमीटर, फेराइट क्लिपा (केबलवरचा रेडिओचा त्रास शोषणाऱ्या), सिलिका जेल.

मल्टिमीटर नसेल तर बाकीचं सामान घेण्याआधी तो घ्या.

४. डबा कुठे बसवायचा

चार्ट टेबलच्या वर, बोटीच्या मध्यभागी, बिल्जपासून (तळाशी पाणी साचतं त्या जागेपासून) उंच, इंजिनापासून लांब, हॅचच्या (डेकवरच्या झाकणाच्या) खाली अजिबात नाही. डब्यात शिरणारी प्रत्येक केबल आधी थोडी खाली लोंबू द्या आणि मग वर वळवून आत घ्या. तारेवरून ओघळणारं पाणी त्या लोंबत्या टोकावरून गळून पडतं, सॉकेटमध्ये जात नाही.

होकायंत्रापासून किमान एक मीटर अंतर. दिसणाऱ्या होकायंत्राचं भान सगळ्यांना असतं, न दिसणाऱ्याचं नसतं. ऑटोपायलटचं इलेक्ट्रॉनिक होकायंत्र बहुतेक बोटींत बंकखाली नाहीतर कपाटाच्या तळाशी लपवलेलं असतं. त्याच्या शेजारी स्पीकर किंवा जाड वायर आली की ऑटोपायलट वाकडातिकडा चालतो, आणि दोष लाटांना दिला जातो. आधी ते शोधा, मग जागा ठरवा.

बसवून झालं की एक चाचणी कराच. व्हीएचएफ रेडिओ (इतर बोटींशी आणि किनाऱ्याशी बोलायचा) एखाद्या रिकाम्या चॅनेलवर न्या, खरखर दाबणारं स्क्वेल्चचं बटण खरखर नुकतीच थांबेल तिथवर फिरवा. आता संगणकाचा स्विच टाका. खरखर परत आली तर समजा की कन्व्हर्टर रेडिओत घाण करतोय. मग राउटर चालू करून तेच पाहा. स्वस्त कन्व्हर्टर या बाबतीत बदनाम आहेत. सागरी व्हीएचएफ आणि एआयएस (आसपासची जहाजं पडद्यावर दाखवणारी यंत्रणा) दोन्ही १५६ ते १६२ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात, त्यामुळे एकाला त्रास तर दुसऱ्यालाही. एआयएसच्या पडद्यावर डबा बंद असताना किती जहाजं दिसतात आणि चालू केल्यावर किती, हेही मोजा. मुंबई बंदराबाहेर जहाजांची एवढी गर्दी असते की फरक लगेच कळतो. उपाय: फेराइट क्लिप कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजूंना लावा, कन्व्हर्टर अँटेनाच्या केबलपासून दूर हलवा, तरी भागलं नाही तर दुसरा आणा. ग्रंथालयापायी मदतीची हाक ऐकू न येणं परवडणारं नाही.

५. संगणक तयार करणं

हे काम घरी, ब्रॉडबँडवर उरका. बोटीवर नेऊन सिस्टिम टाकत बसू नका.

रास्पबेरी पाय ओएस थेट एसएसडीवर टाका आणि तिथूनच सुरू होऊ द्या. एसडी कार्डावर चालणारी व्यवस्था बोटीवर फार काळ टिकत नाही, कारण लिहिणं चालू असताना वीज गेली की कार्डाचा निकाल लागतो. आणि बोटीवर वीज जाते. पुस्तकांच्या भागाला आणि सिस्टिमच्या भागाला वेगवेगळी पार्टिशन द्या. सगळं मनासारखं चालू लागल्यावर सेटिंगमधून सिस्टिमचा भाग 'फक्त वाचण्यापुरता' करून टाका. मग कुणी भसकन स्विच पाडला तरी नुकसान होत नाही. तरीही सगळ्यांना सवय लावा: आधी शटडाउन, हिरवा दिवा थांबला की मग स्विच.

पुस्तकांचं पार्टिशन ईएक्सटी४ या डिस्क-स्वरूपात ठेवा. बाजारातून आणलेली डिस्क किंवा पेन ड्राइव्ह कधी कधी फॅट३२ मध्ये असते आणि ती ४ जीबीहून मोठी फाइल घेत नाही. विकिपीडियाची फाइल त्याच्या कित्येक पट मोठी. कॉपी होता होता मध्येच थांबते आणि मिळणारा निरोप भलताच असतो.

आणखी एक खोच घड्याळाची. पाय ४ ला स्वतःचं बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. तो इंटरनेटवरून वेळ घेतो. समुद्रात इंटरनेट नाही, म्हणजे मागच्या वेळी बंद केला तेव्हाची वेळ धरून बसतो. लॉगबुकातल्या नोंदी चुकतात, आणि पुढे किनाऱ्याचं इंटरनेट मिळालं तरी सुरक्षित संकेतस्थळं 'प्रमाणपत्र चुकीचं' म्हणत उघडत नाहीत. जीपीएसच्या संदेशात वेळ असतेच. जीपीएसडी आणि क्रोनी हे दोन मोफत प्रोग्राम टाका, की संगणक उपग्रहांकडून वेळ घेऊ लागतो.

६. ग्रंथालय भरणं

इथे वेळ द्या. हाच या सगळ्या खटाटोपाचा गाभा.

विकिपीडिया आणि संदर्भ. किविक्स हा मोफत प्रोग्राम अख्खा विकिपीडिया एका झिम फाइलमध्ये देतो आणि बोटीवरच्या कुठल्याही फोनच्या ब्राउझरमध्ये तो उघडतो, शोधासकट. इंग्रजी विकिपीडिया चित्रांसह १०० जीबीच्या पुढे जातो, चित्रांविना त्याच्या निम्म्याच्या आसपास. मराठी विकिपीडिया त्या मानाने चिमुकला. तो डोळे मिटून घ्या. याच स्वरूपात वैद्यकीय लेखांचा विकिमेड, दुरुस्तीच्या सचित्र कृतींचा आयफिक्सइट आणि प्रोजेक्ट गुटेनबर्गची पुस्तकंही मिळतात. सगळं वेगवेगळं बसवायचा कंटाळा असेल तर इंटरनेट-इन-अ-बॉक्स नावाचा तयार संच आहे. त्यात किविक्ससह पुष्कळ काही एकदम येतं. मला स्वतःला सुटं सुटं बसवणं बरं वाटतं, कारण बिघडलं तर काय बिघडलं ते कळतं.

सागरी संदर्भ. अमेरिकेची एनजीए ही संस्था आपली प्रकाशनं मोफत देते: नौकानयनाचा जाडजूड ग्रंथ बाउडिच, आंतरराष्ट्रीय संकेतसंहिता, जगभरच्या बंदरांची सूची, आणि भारताच्या किनाऱ्यासाठी सेलिंग डिरेक्शन्सचा १७३ क्रमांकाचा खंड. पीडीएफ उतरवा आणि ठेवून द्या. हे खंड मोठ्या जहाजांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात; विजयदुर्गच्या खाडीत लहान बोटीने नेमका कुठे नांगर टाकावा, ते तिथले कोळी जास्त नीट सांगतील. ती माहिती स्वतःच्या टिपणांत उतरवून ग्रंथालयातच टाका. अशी टिपणं पुढे सगळ्यांत जास्त उघडली जातात. भरती-ओहोटीची कोष्टकं भारतीय सर्वेक्षण विभागाची, त्या त्या वर्षाचीच हवीत. गेल्या वर्षीची फाइल काढून टाका.

बोटीची मॅन्युअलं. इंजिन, विंडलास (नांगर ओढायचं यंत्र), गॅसची शेगडी, टॉयलेटचा पंप, रेडिओ, चार्जर. प्रत्येकाचं मॅन्युअल आणि सुट्या भागांची यादी. जोडीला स्वतः काढलेले फोटो: इम्पेलरचं कव्हर, फिल्टरची जागा, स्विच पॅनेलची मागची बाजू, वायरींच्या क्रमांकांसकट. कंपनीच्या मॅन्युअलपेक्षा तुमच्याच बोटीचा फोटो जास्त कामाला येतो.

पुस्तकं. लॅपटॉपवर कॅलिबर या ई-पुस्तकांच्या मोफत प्रोग्राममध्ये संग्रह लावायचा आणि बोटीवरच्या संगणकात कॅलिबर-वेब टाकून तो सगळ्यांना दाखवायचा. एक नियम पाळा: संग्रहात फेरफार फक्त लॅपटॉपवर करायचे आणि मग तो आरसिंकने (फाइलींची जशीच्या तशी प्रत काढणारा प्रोग्राम) बोटीच्या डिस्कवर उतरवायचा. नेटवर्कवरून कॅलिबरने थेट तिथला संग्रह उघडला तर सूची बिघडू शकते.

मराठी पुस्तकांच्या तीन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. पहिली: कॅलिबर फोल्डरांची नावं रोमन लिपीत करून ठेवतो, आणि देवनागरीची त्यात पार चिरफाड होते. घाबरू नका आणि ती नावं हाताने बदलू नका. बदललीत तर कॅलिबरला पुस्तक सापडणार नाही. पडद्यावर नाव देवनागरीतच दिसतं. दुसरी: जुन्या डीटीपी फॉन्टांत बनवलेल्या पीडीएफ दिसायला छान, पण त्यांत शब्द शोधला तर काही सापडत नाही, कारण आतली अक्षरं युनिकोड नसतात. स्कॅन केलेल्या पुस्तकांचंही तेच. टेसरॅक्ट या मोफत ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या) प्रोग्रामला मराठीची जोड आहे. रात्रभर लॅपटॉप चालू ठेवला की स्कॅनच्या मागे शोधता येणारा मजकूर बसतो. जोडाक्षरांत चुका राहतात, पण शोधण्यापुरतं भागतं. तिसरी: भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क अबाधित असतात. त्यापुढचं जुनं साहित्य विकिस्रोतावर मिळतं. अलीकडचं विकत घ्या. टेलिग्रामवर फिरणाऱ्या गठ्ठ्यांत अर्धी पानं वाकडी असतात, हेही एक कारण.

विकत घेतलेल्या ई-पुस्तकांत एक अडचण आहे. फेब्रुवारी २०२५ पासून ॲमेझॉनने किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून यूएसबीने हलवायची सोय बंद केली. म्हणजे ती कॅलिबरच्या भरवशावर ठेवता येत नाहीत. निघण्याआधी प्रत्येक पुस्तक त्या त्या यंत्रात उतरलंय ना, ते उघडून पाहा. सिनेमाच्या ॲपमधले 'डाउनलोड' तर मुदतीचे असतात. ऐन प्रवासात ते 'पुन्हा ऑनलाइन या' म्हणतात.

सिनेमे आणि गाणी यांच्यासाठी जेलीफिन हा मोफत प्रोग्राम चांगला. फक्त व्हिडिओ घरीच एच२६४ या स्वरूपात बदलून घ्या, म्हणजे फोन तो जसाच्या तसा चालवतो. चालता चालता रूपांतर करायची वेळ आली की बिचाऱ्या पायचा घाम निघतो आणि बॅटरीचाही.

७. बोटीचं वायफाय

राउटर लावा, नाव द्या, पासवर्ड द्या. बोटीचं नाव नेटवर्कला देऊ नका. मरिनात तुम्ही बोटीवर आहात की नाही, हे साऱ्या धक्क्याला सांगायची गरज नाही.

पत्त्यांची मालिका बदला. बहुतेक राउटर १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटतात, आणि मरिनाचा किंवा चहाच्या टपरीचा राउटरही तेच वाटतो. तुमचा राउटर त्यांच्या वायफायला जोडला की दोन्हीकडे एकच मालिका, आणि मग ना इंटरनेट ना ग्रंथालय. तुमची मालिका १९२.१६८.५० अशी काहीतरी वेगळी ठेवा. संगणकाला त्यातला एक पत्ता कायमचा बांधून द्या, समजा १९२.१६८.५०.१०.

नवख्यांना सगळ्यांत जास्त छळणारी गोष्ट फोनची आगाऊ हुशारी. वायफायला इंटरनेट नाही असं दिसलं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो, आणि 'ग्रंथालय उघडत नाही' अशी तक्रार येते. पहिल्यांदा जोडताना फोन विचारतो: या नेटवर्कला इंटरनेट नाही, तरी जोडलेलं राहू का? तिथे 'हो' आणि 'पुन्हा विचारू नका'. तरी ऐकत नसेल तर मोबाइल डेटा बंद. शिवाय काही ब्राउझर पत्त्यामागे आपणहून एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणीचं नाव) लावतात. ते काढून पाहा. पाहुण्यांना हे सगळं सांगत बसण्यापेक्षा ग्रंथालयाच्या पत्त्याचा क्यूआर कोड छापून, लॅमिनेट करून चार्ट टेबलावर चिकटवा. एक कोड वायफायचा, एक ग्रंथालयाचा.

फायबरग्लास आणि लाकूड वायफायला अडवत नाहीत. बोट पोलादाची किंवा ॲल्युमिनियमची असेल तर डेकवर सिग्नल मिळणार नाही. कॉकपिटमध्ये दुसरा ॲक्सेस पॉइंट लागेल.

८. वारा, खोली, एआयएस फोनवर

सिग्नल के हा मोफत सर्व्हर त्याच संगणकावर टाकला की बोटीच्या उपकरणांचे आकडे कुठल्याही फोनवर दिसतात. जुनी उपकरणं एनएमईए ०१८३ ही भाषा बोलतात, नवी एनएमईए २०००. दोन्हींना वेगळं जोडयंत्र लागतं. ०१८३ मध्ये वेगाचा घोळ हमखास होतो: साधी उपकरणं ४८०० बॉडवर, एआयएस ३८४०० वर. एकाच तारेवर दोन्ही जोडलीत तर पडद्यावर नुसता कचरा. नकाशासाठी लॅपटॉपवर ओपन सीपीएन आहे, तो हे आकडे वायफायवरून घेतो.

पण मर्यादा आधीच घालून घ्या. चार्टप्लॉटर (नकाशा दाखवणारं यंत्र), व्हीएचएफ आणि ऑटोपायलट यांनी या डब्यावर अवलंबून राहायचं नाही. डबा त्यांचं ऐकेल, त्यांना हुकूम देणार नाही. वायफायवरून ऑटोपायलट फिरवायची गंमत वाटते खरी. शेजारच्या बोटीने पासवर्ड ओळखला की ती जाते. चार्ट टेबलावर कागदी नकाशे असू द्या. आणि कोकणच्या किनाऱ्यावर रात्री जाळी टाकून बसलेल्या कितीतरी होड्या एआयएसवर दिसतच नाहीत, हे फोनचा पडदा पाहणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवं.

९. किनाऱ्याचं इंटरनेट

राउटरमध्ये सिम घाला, दुसऱ्या कंपनीचं सिम फोनमध्ये ठेवा. एका बंदरात एक चालतं, पुढच्यात दुसरं.

अँटेनाबद्दल दुकानदार बरंच काही विकू पाहील. थोडं गणित करा. रेडिओची नजर साधारणपणे उंचीच्या वर्गमुळाच्या २.२ पट सागरी मैल पोचते, आणि दोन्ही टोकांच्या नजरा एकमेकींत मिळवायच्या. डेकवर दोन मीटर उंचीचा राउटर: ३ मैल. डोलकाठीवर दहा मीटरला: ७ मैल. आणि डोंगरावरचा टॉवर समुद्रसपाटीपासून शंभर मीटरवर असेल तर तो एकटाच २२ मैल. म्हणजे खरं काम टॉवरच्या उंचीचं. तुमच्या खटपटीने चारच मैल वाढतात, तेही कागदावर. म्हणून डोलकाठीचं टोक व्हीएचएफला सोडा आणि मोबाइलची अँटेना स्प्रेडरवर (डोलकाठीच्या आडव्या दांडीवर) किंवा मागच्या कमानीवर लावा. फार जास्त 'गेन'ची अँटेना नको. तिचा झोत पातळ असतो, आणि बोट वीस अंश कलली की तो एकीकडे पाण्यात आणि दुसरीकडे आभाळात जातो. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झचे पट्टे चालवणारी घ्या, तेच लांबवर पोचतात. अँटेनाची केबल लांबली की मिळवलेलं सगळं केबलच खाते. आखूड आणि जाड ठेवा.

रेंज आल्याबरोबर सगळे फोन एकदम फोटोंचा बॅकअप आणि अपडेट सुरू करतात, आणि हवामानाची फाइल उतरायच्या आत रेंज गेलेली असते. राउटरमध्ये सगळ्यांचं इंटरनेट मुळातच बंद ठेवा, फक्त एका यंत्राला मोकळीक द्या. त्याने पहिल्यांदा हवामान खात्याचा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रविषयक संस्थेचा लाटांचा अंदाज घ्यायचा, मग वाऱ्याच्या अंदाजाची ग्रिब फाइल. लागेल तेवढाच समुद्राचा तुकडा निवडला तर ती फाइल अगदी छोटी असते. व्हॉट्सॲप नंतर.

१०. उपग्रह: कायदा आधी

परदेशी व्हिडिओ पाहून उपग्रह फोन मागवू नका. भारतात थुराया, इरिडियमचे फोन दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे. गार्मिनचं इनरीचही त्यातच येतं, कारण ते इरिडियमवर चालतं. गोव्याच्या विमानतळावर सामानात ते सापडलं म्हणून परदेशी पर्यटकांवर गुन्हे दाखल झालेत. 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर चालत नाही. कायदेशीर वाट बीएसएनएलमार्फत मिळणाऱ्या इनमारसॅटच्या सेवेची, परवान्यासह.

स्टारलिंकला भारतात जून २०२५ मध्ये परवाना मिळाला. तो कंपनीला मिळाला. दुबईहून आणलेल्या तुमच्या डिशला नाही. परदेशातून बोट घेऊन भारतात येत असाल तर डिश आणि उपग्रह फोन दोन्ही बंद ठेवा आणि कस्टम्सला यादीत लिहून द्या. ज्या देशांत परवानगी आहे तिथे वापरताना विजेचा हिशेब पुन्हा करा: छोटी मिनी डिशही २५ ते ४० वॅट खाते, म्हणजे आपल्या अख्ख्या ग्रंथालयाच्या दोन-तीन पट.

११. कागदपत्रं आणि प्रती

स्कॅन करून ठेवायची कागदपत्रं:

• बोटीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र आणि खरेदीचे कागद
• विमा
• रेडिओचा परवाना आणि एमएमएसआय (रेडिओवरून बोट ओळखायचा) क्रमांक
• सगळ्यांचे पासपोर्ट किंवा आधार, क्रू लिस्ट
• बंदरांच्या परवानग्या, आधीच्या बंदराची क्लिअरन्स
• औषधांच्या चिठ्ठ्या, रक्तगट, ॲलर्जी

ही मात्र सामायिक ग्रंथालयात टाकू नका. तिथे पाहुण्यांपासून सगळ्यांचा वावर. कुलूपबंद फोल्डरसाठी व्हेराक्रिप्ट वापरा, आणि पासवर्ड बोटीवरच्या किमान दोघांना माहीत हवा. मूळ कागद जलरोधक पिशवीत सोबत ठेवायचेच. बंदरातला अधिकारी फोनचा पडदा पाहून शिक्का मारत नाही.

आता दुसरी एसएसडी. पहिलीची हुबेहूब प्रत, सिस्टिमसकट, म्हणजे केबल बदलली की काम सुरू. ती डब्याजवळ ठेवून उपयोग नाही; जे पाणी एकीला भिजवेल ते दुसरीलाही. सिलिका जेलसोबत हवाबंद पिशवीत, बोट सोडायची वेळ आली तर उचलायच्या पिशवीत ठेवा. विजा कडाडायला लागल्या की ती डिस्क, हातातला जीपीएस आणि जादाचा फोन प्रेशर कुकरमध्ये घालून झाकण लावायचं. सगळीकडून बंद धातूचं भांडं आतल्या वस्तूंचं बऱ्यापैकी रक्षण करतं, आणि ओव्हन असलेल्या बोटींवर हेच काम ओव्हन करतो. फक्त वादळ ओसरल्यावर भात लावण्याआधी आत पाहायचं.

१२. पावसाळ्यात

जूनमध्ये बोट वर घेतली की डबा, राउटर आणि दोन्ही डिस्क काढून घरी न्या. बंद कॅबिनमधली चार महिन्यांची दमट हवा समुद्रातल्या खाऱ्या फवाऱ्यापेक्षा वाईट. वायरींची मोकळी टोकं टेपने झाका, फ्यूज काढून ठेवा.

घरी सिस्टिमचं 'फक्त वाचण्यापुरतं' कुलूप काढा, अपडेट करा, नव्या झिम फाइली उतरवा. जुनी फाइल पुसण्याआधी नवी उघडून पाहा. एवढी मोठी फाइल अर्धवट उतरलेली असू शकते. नवं मॅन्युअल, नवी टिपणं, नवं भरतीचं कोष्टक टाकून झालं की कुलूप परत लावा आणि दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा.

नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात उतरवायच्या तयारीला लागाल, तेव्हा डबा बसवण्याआधी मल्टिमीटरने वायरीच्या टोकाशी व्होल्टेज बघा, इंजिन बंद असताना आणि सुरू करतानाही. मग डबा लावा, व्हीएचएफची खरखर-चाचणी पुन्हा करा, एखाद्या फोनवरून मोबाइल डेटा बंद करून इंजिनाचं मॅन्युअल उघडून पाहा. उघडलं, की राउटरचं झाकण लावा आणि तळाचा रंग वाळला का ते बघायला खाली उतरा.